मीटिंग चालू असताना फाईल कशी द्यावी? लिंक की अख्खी फाईल?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसात मी पीओ (कस्टमरच्या खरेदीच्या ऑर्डरी), ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि बिलं सांभाळतो. आमचं ऑफिस व्हॉट्सॲपवर चालतं. पुण्याचे कस्टमर मायक्रोसॉफ्ट टीम्सवर बोलावतात, हुबळीचे सीए साहेब मेलशिवाय काही मानत नाहीत आणि मालकांचा मुलगा म्हणतो, सगळं गूगल ड्राइव्हवर टाका. त्यामुळे एकच इन्स्पेक्शन रिपोर्ट चार ठिकाणी असतो आणि चारी ठिकाणी थोडा थोडा वेगळा असतो.

खरी पंचाईत मीटिंगमध्ये होते. कस्टमरचा क्वालिटीवाला म्हणतो, "फाईल चॅटमध्ये टाका." त्यांच्या मीटिंगला आम्ही बाहेरचे म्हणून जोडलेले, त्यामुळे आमच्याकडे फाईल जोडायचं चिन्हच दिसत नाही. मग मेल. मेल पोचेपर्यंत सगळे गप्प. ड्राइव्हची लिंक दिली तर तिकडे "परवानगी मागा" असं येतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, "नंबर द्या, व्हॉट्सॲप करतो."

तर प्रश्न असा: मीटिंग किंवा चॅट चालू असताना कागद द्यायचा तर लिंक द्यावी की अख्खी फाईल? तुमच्याकडे काय पद्धत आहे? शाळा, सोसायटी, दवाखाना, कुठलंही ऑफिस चालेल. फक्त आपल्या भागातलं सांगा, बंगळूरच्या आयटीवाल्यांचं नको. त्यांच्याकडे वीज जात नाही.

कडोलीकर

बंगळूरला पण वीज जाते हो. बाकी चालू द्या.

तिसरं_गेट

मी बंगळूरचा आयटीवालाच, पण गेली काही वर्षं टिळकवाडीत घरून काम करतोय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

माझं मत लिंक. फाईल पाठवली की तिची नक्कल झाली, आणि ती नक्कल नंतर तुमच्या हातात राहत नाही. फाईल वाटणं म्हणजे लग्नपत्रिका वाटण्यासारखं आहे, मुहूर्त बदलला की घरोघरी परत फिरा.

"परवानगी मागा" का येतं ते सांगतो. ड्राइव्हवरची फाईल मुळात मर्यादित असते, ज्याचा मेल पत्ता तुम्ही घातलाय त्यालाच उघडते. समोरच्यानं परवानगी मागितली की त्याची मेल तुमच्या इनबॉक्सात येते आणि तुम्ही तर तिकडे मीटिंगमध्ये बोलताय! मग सगळ्यांना वाटतं लिंकच बिघडलीय. तेव्हा मीटिंगच्या आधी पत्ते घालून ठेवा. कागद गुपित नसेल तर "लिंक असलेल्या कोणालाही" करा, पण फक्त बघायचा हक्क द्या. संपादनाचा दिलात तर समोरचा आकडे बदलू शकतो आणि पुढे दुसऱ्यांना वाटूही शकतो.

अजून एक सोय आहे, ती फारसं कुणी वापरत नाही. ड्राइव्हवर पीडीएफ ठेवली असेल तर तिच्या आवृत्त्यांच्या पर्यायात जाऊन नवीन पीडीएफ त्याच जागी चढवता येते. लिंक तीच राहते. जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस मागे राहते, कायम ठेवायची खूण केली तर पुढेही.

आमंत्रण गूगल कॅलेंडरवरून जात असेल तर फाईल आमंत्रणालाच जोडा. बोलावलेल्या लोकांना परवानगी द्यायची का, ते पाठवताना तिथंच विचारतं. गूगल मीटच्या चॅटमध्ये लिंक टाकून निर्धास्त राहू नका. साध्या खात्यावर उशिरा आलेल्याला आधीचा मजकूर दिसत नाही, आणि कॉल संपला की सगळंच जातं.

जांबोटी_घाट

तिसरं गेट दादा, सगळं मान्य, पण लिंक उघडायला रेंज लागते.

मी सोलर बसवायची कामं घेतो. ऑफिस खानापुरात, साईट बऱ्याचदा कणकुंबीकडे. पावसाळ्यात तिकडे दिवसातून एखादा तास रेंज सापडली तर नशीब. सकाळी खानापुरात असताना व्हॉट्सॲपवर पीडीएफ उतरवून घेतली की ती फोनमध्ये असते. साईटवर पत्र्यावर चढून उघडता येते. लिंक असेल तर पत्र्यावर उभं राहून गोल गोल फिरणारं चक्र बघायचं.

पुण्याबंगळुरातली माणसं लिंक पाठवतात तेव्हा त्यांचं काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं.

तिसरं_गेट

@जांबोटी_घाट, ड्राइव्हच्या ॲपमध्ये "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवायचं. सकाळी रेंज असताना एकदा केलं की साईटवर उघडतं.

जांबोटी_घाट

मी करीन हो. माझे दोन वायरमन करणार नाहीत. आणि तुम्ही दुपारी नवीन आवृत्ती चढवलीत तर माझ्या ऑफलाइन फाईलला ते संध्याकाळपर्यंत कळणार नाही. मग तुमच्या लिंकचा फायदा काय राहिला?

तिसरं_गेट

हा मुद्दा बरोबर आहे. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

कडोलीकर

आयटीवाल्यानं "उत्तर नाही" म्हटलं! धागा वाचनखुणेत टाकला.

निपाणी_वेस

फाईल पाठवायचीच तर नीट तरी पाठवा. आमच्याकडे लोक ड्रॉइंग, बिल, उतारा, सगळ्याचा फोटो काढून फोटो म्हणूनच पाठवतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. मग सर्व्हे नंबरातला ३ की ८ ह्यावर घरात भांडण. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडला तर आहे तसा जातो. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाईल जाते, आधी १०० एमबीचीच मर्यादा होती. जीमेलला मात्र जोडपत्राची मर्यादा अजून २५ एमबी आहे, त्याच्या वर गेलं की ते आपणहून ड्राइव्हची लिंक करतं. तुमच्या सीए साहेबांना अचानक "परवानगी मागा" दिसत असेल तर हे एक कारण असू शकतं.

आणि कागद स्कॅन करताना ड्राइव्हच्या ॲपमधल्या कॅमेऱ्याच्या चिन्हानं करा. सरळ पीडीएफ होते. कागदाला रंगाची गरज नसेल तर काळा-पांढरा ठेवा. जांबोटी घाटवाल्यांचा जीव वाचेल.

मास्तर_हलगा

चर्चा चांगली चालली आहे, पण आपल्या भागातला खरा त्रास अजून कुणी काढलाच नाही. फाईल पोचते, उघडतेही, आणि वाचता येत नाही.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आहे. परिपत्रक कन्नडमधून येतं. ते नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरात, टाइप केलेलं असतं. त्याखाली आमच्यापैकी कुणीतरी पालकांसाठी मराठी मजकूर जोडतो, तो श्रीलिपीत नाहीतर आणखी कुठल्या जुन्या फॉन्टमध्ये. अशी ही वर्ड फाईल ऑनलाइन बैठकीच्या चॅटमध्ये पडते. कुणी फोनवर उघडतो, कुणी घरच्या लॅपटॉपवर. वरचा अर्धा भाग इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या आणि टिंबं. खालचा अर्धा भागही तसाच, फक्त टोप्या वेगळ्या. सीआरपी, म्हणजे आमच्या शाळांच्या गटाचे अधिकारी, विचारतात, "सगळ्यांना मिळालं ना?" सगळे हात वर करतात. मिळालं असतंच की!

कारण असं आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवतो. पडद्यावर कन्नड किंवा मराठी दिसतं ते केवळ तो फॉन्ट त्या मशीनवर आहे म्हणून. फाईल दुसऱ्या मशीनवर गेली, तिथं फॉन्ट नसला, की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक कन्नड आणि देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही. लिंक द्या नाहीतर फाईल द्या, आत जुना फॉन्ट असेल तर दोन्ही सारखेच. उलट अशी वर्ड फाईल गूगल डॉक्समध्ये उघडली तर हमखास गोंधळ दिसतो, कारण तिथं तो फॉन्ट नसतोच.

निपाणी_वेस

मास्तर, मग पीडीएफ करा की. विषय संपला.

मास्तर_हलगा

अर्धा संपला. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसतो, म्हणून वाचता येतं, हे खरं. पण पालकांच्या ग्रुपसाठी त्यातली दोन वाक्यं उचलायला गेलं की पुन्हा टोप्या आणि टिंबं, कारण आतला मजकूर तोच आहे. शोधायला गेलं तर सापडत नाही. मोबाईलकडून वाचून घ्यायचं म्हटलं तर तो भलतंच काहीतरी बडबडतो. आमच्या एसडीएमसीतल्या (शाळेच्या देखरेख समितीतल्या) एका आजींना लहान अक्षर दिसत नाही, त्या नातवाच्या फोनवर ऐकून घेतात. त्यांना अशा पीडीएफचा काही उपयोग नाही.

मुळातच युनिकोड करायला हवं. नुडीबरोबर जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलायचं साधन येतं, बरह ह्या दुसऱ्या कन्नड सॉफ्टवेअरमध्येही आहे. मराठीच्या जुन्या फॉन्टांसाठीही बदलून देणारी साधनं मिळतात, पण बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं. रफार आणि जोडाक्षरं मधूनमधून चुकतात. नवीन मजकूर लिहिणार असाल तर विंडोजमध्ये निर्मला यूआय नावाचा फॉन्ट आहे, विंडोज ८ पासून येतो, त्यात कन्नड आणि देवनागरी दोन्ही आहेत. आपल्यासारख्या दोन लिप्यांच्या कागदाला तो बरा पडतो.

आणि टायपिंगचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका. मराठीला क ज्या कळीवर आहे, कन्नडलाही क त्याच कळीवर. एक शिकलं की दुसरं जवळपास फुकट मिळतं. आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाई आणि मी एकाच कीबोर्डवर बसून एकमेकांचं टाइप करून देतो. त्यांचं मराठी आणि माझं कन्नड ह्या दोन्हींपेक्षा आमचं इनस्क्रिप्ट चांगलं आहे.

मलप्रभा_काठ

मास्तर, मनापासून आभार. खात्याच्या कुठल्याच प्रशिक्षणात हे इतकं सोपं करून सांगितलेलं ऐकलं नाही.

संकेश्वर_मिरची

एवढं सगळं कशाला? फाईल देऊच नका. स्क्रीन दाखवा, काम झालं.

वडगाव_मागकाम

मिरचीशेठ, स्क्रीन दाखवण्यात काय मजा असते ते आमच्या ओळखीच्या एका सप्लायरला विचारा. साड्यांचे दर दाखवायला त्यानं अख्खी स्क्रीन दाखवली. फोल्डरमध्ये दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या दरांची फाईल, आणि दर फाईलच्या नावातच लिहिलेला! समोरच्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "आम्हाला पण त्यांचाच दर लावा."

अख्खी स्क्रीन नको, एकच खिडकी किंवा ब्राउझरचा एकच टॅब दाखवायचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. तो निवडायचा.

कडोलीकर

फाईलच्या नावात दर? तो माणूस प्रामाणिक म्हणायला पाहिजे.

सौहार्द_सचिव

आमची सौहार्द सहकारी संस्था. लॉकडाऊनपासून संचालक मंडळाची अनौपचारिक चर्चा ऑनलाइन होते, ती सवय अजून सुटलेली नाही. अजेंडा, जमाखर्च ह्याला लिंक काय, फाईल काय, काही फरक पडत नाही. माझा विरोध वेगळ्याच गोष्टीला आहे. कर्जाचं प्रकरण चर्चेला आलं की कुणीतरी उत्साहानं कर्जदाराचं आधार, पॅन, पगाराची स्लिप, सगळं ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये माजी संचालक आहेत, एकाचा फोन तर मुलगाच वापरतो.

मी नियम केला आहे. आधार लागलंच तर फक्त शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क केलेलं आधार घ्यायचं, ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. बाकी कागद संस्थेच्या कॉम्प्युटरवर येऊन बघा, चहा आमच्याकडून. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे, पण त्याच्या आधीपासूनच हे साध्या रीतीभातीतलं आहे. आपल्या बायकोच्या आधारचा फोटो कुणाच्या ग्रुपवर पडलेला चालेल का आपल्याला?

निपाणी_वेस

सचिवसाहेब, ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतोच की.

सौहार्द_सचिव

असतो. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. आता मला सांगा, कर्जाच्या अर्जावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही असताना हा पासवर्ड कुणापासून लपला? शिवाय फाईलपाठोपाठ "पासवर्ड असा असा आहे" हा मेसेज त्याच ग्रुपवर येतो.

मलप्रभा_काठ

सर्वांसाठी डिलीट करता येतं ना पण?

सौहार्द_सचिव

ताई, साधारण दोन दिवसांच्या आत करता येतं. पण तोवर ज्यानं उतरवून दुसरीकडे ठेवलं त्याच्याकडे ते राहतंच.

मच्छे_फाटा

कवाधरनं वाचूलालो. सगळे मीटिंगमदल्या लोकांचंच बोलूलालेत. मी सीएनसी मशीनवर असतोय. मीटिंग वर ऑफिसात हुतीया, ड्रॉइंग बदलतंय वर, आणि जॉब लागलेला असतोय खाली. लिंक कुणाला आली, चॅट कुठं झालं, मला काय म्हाईत? माझ्यापुढं मशीनला जे कागद चिकटवलंय तेच माझं ड्रॉइंग. रेव्हिजन बी आली म्हणून सायबाला चॅटमधनं कळलं, खरं मशीनवरचा रेव्हिजन ए चा कागद कोण काढणार? ते तेवढं लिवा की कुणीतरी.

फोनवर ड्रॉइंग बगा म्हणत्यात. बोटाला कूलंट असतंय ओ. मोठं करायला गेलं की फोटो बारका हुतोय आणि कुणाला तरी फोन लागतोय.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

@मच्छे_फाटा, लाख बोललात. ह्या बाजूनं मी विचारच केला नव्हता. आमच्याकडे बदललेलं ड्रॉइंग सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर जातं आणि तो सांगतो खाली. त्याची सुट्टी असली की कोण सांगतं, हे मला आज विचारावं लागेल.

तिसरं_गेट

ह्याला एक उपाय सुचतो. वर सांगितलं तसं पीडीएफ एकाच लिंकवर ठेवायची आणि छापलेल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात त्या लिंकचा क्यूआर छापायचा. ऑपरेटरनं जॉब लावायच्या आधी स्कॅन केलं की शेवटची आवृत्ती उघडते. कागदावरची रेव्हिजन आणि फोनवरची जुळली तर चालू करा.

मच्छे_फाटा

लई भारी. खरं शॉपमदे फोन न्यायला बंदी हाय.

कडोलीकर

😂😂

गुणवत्ता_काका

मी आता निवृत्त आहे, पण आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. आयएसओ ९००१ ह्या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.५.३ हेच सांगतं: कागद जिथं लागतो तिथं आणि लागतो तेव्हा मिळाला पाहिजे, सुरक्षित राहिला पाहिजे, आणि त्याच्या बदलांवर ताबा पाहिजे. मीटिंग, चॅट, लिंक हे त्या कलमाच्या दृष्टीनं नुसते रस्ते आहेत. ऑडिटर मशीनपाशी जातो आणि ऑपरेटरला विचारतो, "ही शेवटची रेव्हिजन कशावरून?"

उत्तर फार जुनं आहे. नवीन कागद देणाऱ्यानंच जुना कागद हातात घेऊन यायचा. जुना हातात आल्याशिवाय नवीन द्यायचा नाही. रजिस्टरला दोन सह्या. ह्याला नेट लागत नाही.

आणखी एक. छापताना "पानात बसवा" हा पर्याय चालू असतो, त्यामुळे ड्रॉइंग थोडं लहान होऊन येतं. कुणी पट्टी लावून माप घेतलं तर घात. मापं लिहिलेली वाचायची, कागद मोजायचा नाही. हे टर्नर मंडळींना माहीत असतं, ऑफिसातल्या पोरांना नसतं.

शहापूर_सराफ

कस्टमरची ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर फिरवताय ते बघून जरा दचकलो. माझा भाऊ अशाच शॉपमध्ये आहे. तिथं कस्टमरशी गुप्ततेचा करार आहे, ड्रॉइंग ठरलेल्या लोकांपलीकडे जाऊ द्यायची नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या फोनमध्ये ती राहिली तर काय सांगणार? लिंक असती तर निदान हक्क काढून घेता आला असता. त्याच्या मालकांनी शॉपचा ग्रुप बंद केला, आता प्रिंट आणि रजिस्टर. काका म्हणतात तसंच.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

आमच्याकडेही करार आहे. मालकांपुढे हा मुद्दा ठेवतो.

टीम्सचं अजून एक कोडं आहे. कस्टमरकडच्या एका इंजिनिअरनं पूर्वी चॅटमध्ये दिलेली ड्रॉइंग आता उघडत नाहीत. चॅट दिसतं, नाव दिसतं, फाईल नाही. तो माणूस तिथून सोडून गेला म्हणतात. त्याचा काही संबंध असेल का?

तिसरं_गेट

असू शकतो. टीम्सच्या खासगी चॅटमध्ये टाकलेली फाईल चॅटमध्ये नसते, ती पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टचं ड्राइव्ह) असते. चॅटमध्ये तिची नुसती लिंक. माणूस गेला, खातं काढलं, की त्याचं वनड्राइव्ह ठरावीक मुदतीनंतर पुसलं जातं. मुदत बदललेली नसेल तर ३० दिवस. चॅनलमध्ये टाकलेली फाईल मात्र त्या टीमच्या शेअरपॉइंटवर, म्हणजे सामाईक जागेवर, राहते, ती एका माणसाच्या खात्यावर अवलंबून नसते. कस्टमरला सांगा, ड्रॉइंग चॅनलवर द्या नाहीतर मेलनं द्या.

जांबोटी_घाट

म्हणजे लिंकवाला माणूस गेला की लिंक गेली. मी फाईल म्हणतोय ते उगाच नाही.

तिसरं_गेट

आणि फाईलवाला माणूस गेला की फाईल घेऊन गेला, हे शहापूर सराफांनी आत्ताच सांगितलं. एक एक गोल बरोबरी.

चिकोडी_पॅसेंजर

फाईलच्या नावांचं पण बोला कुणीतरी. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल सरांनी बघितलेली". आमच्या ऑफिसात तारीख वर्षापासून लिहायला सांगितली आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप क्रमानं लागते. आणि गावाचं नाव एकच काय ते ठरवा. २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावचं बेळगावी झालं तेव्हापासून निम्म्या फायलींवर एक आणि निम्म्यांवर दुसरं. शोधायला गेलं की अर्धंच सापडतं. कस्टमरच्या यादीत आम्ही दोन वेगवेगळे सप्लायर आहोत.

वडगाव_मागकाम

नाव काय ठरवायचं ते ठरलेलंच आहे. बेळगावच!

घटप्रभा_डावा_कालवा

सरकारी कागदावर जे आहे ते लिहा की. उगाच

संपादक मंडळ

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, त्याची पानं मोजायचंही आम्ही सोडून दिलंय. इथं फायलींवर बोला.

गोकाक_करदंट

फायलींवरच बोलतो. ऑफिसच्या ग्रुपवर एखाद्या सहकाऱ्याच्या नंबरवरून "लग्नपत्रिका" किंवा "चलान" अशी फाईल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर उघडू नका. ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. एकदा बसवलं की फोनमधले मेसेज वाचतं, ओटीपी पळवतं, आणि कधीकधी तीच फाईल तुमच्या नावानं पुढच्या ग्रुपवर टाकतं. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली तरी विश्वास ठेवायचा नाही, त्याला फोन करून विचारायचं. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या मदत क्रमांकाला फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम रोखली जायची शक्यता जास्त.

मलप्रभा_काठ

आमच्या गावात "पीएम किसान" नावानं अशीच फाईल फिरत होती. उघडणारे सगळे शिकलेले. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे ते निवांत.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल मालकांशी बोललो. कस्टमरला रिपोर्ट द्यायचा तो आदल्या दिवशीच मेलनं, आणि मीटिंगच्या आमंत्रणाच्या उत्तरात तीच मेल पुढे, म्हणजे "चॅटमध्ये टाका" ची वेळच येत नाही. ऑफिसातल्या ऑफिसात लिंक. शॉपमध्ये काकांचं रजिस्टर, दोन सह्यांचं. सुपरवायझर नाराज आहे, त्याला वाटतंय आपल्यावर संशय घेतला.

राहिला एकच प्रश्न. कस्टमरनं आता स्वतःचं पोर्टल काढलंय. सगळे कागद तिथंच चढवा म्हणतात. त्याचा ओटीपी मालकांच्या फोनवर येतो आणि मालक दर आठवड्याला दोन दिवस गोव्याला असतात. काय करावं?

कडोलीकर

मालकांबरोबर गोव्याला जा.

निपाणी_वेस

पोर्टलवर बहुतेक वेळा दुसरा वापरकर्ता जोडायची सोय असते. कस्टमरच्या खरेदी विभागाला लिहा, ऑफिसच्या मेलवर वेगळं खातं मागा. मालकांचा ओटीपी फोनवर विचारून घ्यायची सवय मात्र लावू नका, वरचा १९३० चा प्रतिसाद परत वाचा.

मच्छे_फाटा

सुपरवायझरला म्हणावं, सही त्याची पयली घ्या. गप बसतंय.

मलप्रभा_काठ

मास्तर, एक विचारायचं राहिलं. आमच्या बचत गटाचे जुने ठराव सगळे नुडीत आणि श्रीलिपीत आहेत, ते युनिकोडमध्ये करायचेत. ज्या डीटीपीवाल्याकडे टाइप केले त्यानं दुकान बंद केलं. फोनवरून जमेल का?

मास्तर_हलगा

फोनवरून नको ताई, किचकट होईल. फॉन्टचं नेमकं नाव कळायला हवं, वर्डमध्ये मजकुरावर टिचकी मारली की वर दिसतं. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांतही काही जोडाक्षरांचे क्रमांक वेगळे असतात, चुकीचं नाव निवडलं तर सगळं पान बिघडतं. व्यनि (खासगी निरोप) करा. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी मी मोकळा असतो. पेन ड्राइव्हवर मूळ वर्ड फायली घेऊन या, पीडीएफ नको.

गोकाक_करदंट

पेन ड्राइव्ह आधी व्हायरससाठी तपासून आणा हं ताई. डीटीपीच्या दुकानातून आलेला असेल तर दोनदा.